दुपारी सरकलेली भोकं

त्याला सगळे भिंग म्हणत. मीटरच्या कारखान्यात तो तपासणीच्या टेबलावर होता आणि डोळ्याला भिंग लावल्याशिवाय एकही वस्तू पास करत नसे, हे एक कारण. दुसरं म्हणजे माणसांकडेही तो तसाच बघे. दूधवाल्याकडे, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याकडेसुद्धा. नवी फूटपट्टी आणली की आधी ती जुनीच्या शेजारी धरून ताडून बघायची. धाकट्या बहिणीने एकदा विचारलं, "आणि दादा, जुनीच चुकीची असली तर?" त्या संध्याकाळी त्याने तिसरी पट्टी विकत आणली.

कारखाना बंद पडल्यावर या बहिणीनेच त्याला कामाला लावलं. ती घरच्या घरी गिटारची पेडलं बनवायची. पेडल म्हणजे वाजवणाऱ्याच्या पायाशी असते ती ॲल्युमिनियमची ठोकळ्यासारखी पेटी. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. वरचं बटण पायाने दाबलं की साधा सूर गुरगुरायला लागतो. आतली जोडणी बहिणीची, वरचा रंग तिच्या नवऱ्याचा आणि भोकं दादाची.

भोकं पाडणं ऐकायला सोपं. पण आतला बोर्ड त्या भोकांच्या भरवशावर बसतो. वर तीन नॉबची, एक दिव्याचं, एक बटणाचं, आणि दोन बाजूंना वायर खोचायच्या जॅकची. एक जरी मिलिमीटरभर सरकलं तरी बोर्ड तिरका बसतो, नाहीतर जॅक बोर्डाला टेकतो. शिवाय ओतीव पेटीच्या बाजू सरळ नसतात, खाली किंचित पसरतात, त्यामुळे ड्रिलचं टोक टेकताक्षणी घसरतं. भिंग आधी पंचाच्या अणकुचीदार टोकाने खूण ठोके, मग बारीक ड्रिल, मग मोठं, आणि शेवटी कडेला उठलेली धार खरवडून त्यावरून बोट फिरवी. काम वाढलं तेव्हा त्याने ड्रिल मशीनच्या टेबलावर लाकडी पट्ट्यांचा अडसर पक्का बसवला. पेटी त्यात सरकवली की प्रत्येक भोक नेमकं तिथेच. सकाळी टेबल नव्याने जुळवून सगळ्या पेट्यांची वरची भोकं, मग जेवण, जरा पडणं, आणि दुपारी बाजूची.

मशीन होतं बंद केलेल्या गॅलरीत. दार ओढून घेऊन तो काम करी. घरात तो आणि आई, दोघंच. आईने विचारलंच कधी, तर "पेट्या आहेत," एवढंच सांगे. कारण विचारणाऱ्याला विचारायचं कारण काय, हा त्याला पहिल्यापासून पडलेला प्रश्न.

एके दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, बाजूची भोकं सरकलीत. जॅक बोर्डाला टेकतोय."

"शक्य नाही."

"माझ्या हातात आहे पेटी."

त्याने ती पेटी परत मागवली, मोजली, पुन्हा मोजली. खरंच सरकली होती. वरची भोकं मात्र चोख. पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्याने ड्रिल बदललं, पट्टा तपासला, अडसराचे स्क्रू ओढून पाहिले. सगळं जागच्या जागी. तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. सकाळचं बरोबर आणि दुपारचं चूक, म्हणजे जे काही होतंय ते मधे होतंय. आणि मधे घरात कोण येतं? मेहुणे. तयार पेट्या रंगाला न्यायला ते दुपारीच यायचे. आई दार उघडायची, भिंग आतल्या खोलीत घोरत असायचा.

एकदा संशय बसला की त्याला खाद्य मिळतच जातं. मेहुणे हल्ली जास्त हसतात. मागे एकदा म्हणाले होते, "आता भोकं पाडायची कॉम्प्युटरवाली मशीनं आलीत, दादा." म्हणजे आपल्याला हलवायचं आणि काम बाहेर द्यायचं. सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून असले उद्योग.

त्याने सापळा लावला. मशीनचं टेबल उभ्या खांबाला कडं घालून धरलेलं असतं. मागची मूठ सैल केली की अख्खं टेबल खांबाभोवती बाजूला फिरतं. त्या कड्यावर आणि खांबावर मिळून त्याने पेन्सिलीची एकच बारीक रेघ ओढली आणि झोपायला गेला. उठून भिंग लावून पाहिलं. रेघ तुटली होती. खांबावरचा अर्धा तुकडा एकीकडे, कड्यावरचा दुसरीकडे. मेहुणे नुकतेच येऊन गेले होते.

तो चपला घालून तडक बहिणीकडे गेला. मेहुणे रंगाचा फवारा धूत होते.

"मेहुणे, माझ्या मशीनला हात का लावता?"

"मी? कधी?"

"आज. रेघ तुटलीय."

"कसली रेघ?"

"ती तुम्हाला कळली असती तर तुटली नसती."

मेहुण्यांनी फवारा खाली ठेवला. "दादा, त्या मशीनचा कान कुठे पिळायचा हेही मला ठाऊक नाही. पेट्या दाराशी असतात. मी उचलतो आणि जातो. तुमच्या आईंना विचारा."

"आईला मधे आणू नका."

बहीण आतून आली. तिचा चेहरा पाहूनच भिंगाला कळलं की आपलं काही खरं नाही. "दादा, माझ्या घरात उभं राहून माझ्या नवऱ्याला चोर म्हणतोस? राहू दे तुझी भोकं. मी दुसरीकडून पाडून घेईन."

तो घरी आला. मशीन झाकून ठेवलं. पण स्वस्थ कसं बसवणार? दुसऱ्या दिवशी जेवल्यावर तो आडवा झाला, चादर तोंडावर घेतली आणि नेहमीसारखं घोरू लागला. नेहमी आपण कसे घोरतो हे माहीत नसल्याने ते जरा जास्तच झालं असावं. थोड्या वेळाने गॅलरीचं दार कुरकुरलं. तो अनवाणी मागे गेला.

आई मशीनशी उभी होती. तिने सराईत हाताने मागची मूठ सैल केली, टेबल बाजूला फिरवलं, त्याच्या आड ठेवलेलं पेट्यांचं खोकं पुढे ओढलं आणि एक पेटी काढून प्रकाशाला धरली. भोकातून एक डोळा लावून आत बघितलं. हुंगलीसुद्धा. मग खोकं मागे लोटलं, टेबल परत आणलं, मान वाकडी करून अंदाज घेतला आणि मूठ आवळली.

"आई!"

ती दचकली, पण क्षणभरच. "झोपला नाहीस? मला वाटलंच. घोरणं खोटं वाटत होतं."

"तू काय करतेयस?"

"ते मी तुला विचारायचं. दार लावून बसतोस. काय करतोस विचारलं तर ताकाला तूर लागू देत नाहीस. बटणाच्या पेट्या, वायरीची भोकं. बातम्यांत काय काय दाखवतात! रोज बघत होते, आत काही भरतोस का."

"रोज?"

"रोज नाही. जावई पेट्या न्यायच्या आधी. त्यांना बिचाऱ्यांना काही व्हायला नको."

भिंग मशीनच्या स्टुलावर बसला. आपण जावयाला चोर ठरवलं, आणि आई त्याच जावयाच्या जिवाला जपत होती! त्याला हसावं की रडावं कळेना. "टेबल होतं तिथेच ठेवलंय की मी," आई म्हणाली. "बघ हवं तर."

संध्याकाळी तो आईला घेऊन बहिणीकडे गेला. दारातच म्हणाला, "मेहुणे, चूक माझी. तुमचा काही संबंध नव्हता." आणि सगळं सांगितलं. बहीण हसता हसता भिंतीला टेकली. मेहुणे हसले नाहीत. "बसा," म्हणाले, आणि पाणी आणून दिलं.

बहिणीने आईपुढे पेडल ठेवलं, गिटार घेतली, एक सूर छेडला. "आता पायाने दाब." आईने आधी बहिणीकडे, मग भिंगाकडे पाहिलं आणि अंगठ्याने जपून बटण दाबलं. खोलीभर गुरगुराट झाला. आईने पाय झटकन मागे घेतला.

"बिघडलंय," ती म्हणाली.

"असाच आवाज हवा असतो, आई."

"मुद्दाम? आणि लोक विकत घेतात?" तिने लेकीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "कोण लोक?"

बहिणीने काम परत दिलं. भिंगाने कड्यातून खांबात आरपार भोक पाडून खिळा ठोकला, आता टेबल कुणालाच फिरवता येत नाही. गॅलरीचं दार उघडं राहतं आणि आई तिथेच खुर्ची टाकून बसते, नजर त्याच्या हातावर. मेहुणे पेट्या न्यायला येतात, पण उंबऱ्याबाहेर थांबतात. "आत या ना," भिंग दर वेळी म्हणतो.

"नको, दादा," मेहुणे म्हणतात. "इथेच बरा आहे."