सुमनची मोजदाद

त्या सकाळी आम्ही दोघं गॅरेजचं दार उघडं टाकून मेथी निवडत बसलो होतो. टेक्सासमधल्या या प्लेनोच्या उन्हाळ्यात वारा लागतो तो तेवढाच. "पानं टाकताय आणि काड्या ठेवताय. घरात माणसं जेवतात, म्हशी नाही," सुमन म्हणाली. समोरचा बॉब कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावून नेहमीसारखा ओरडला, "सुमन! हाऊ मेनी?" तिनं मेथीनं हिरवा झालेला पंजा वर केला. मुलगा, सून, नात, आम्ही दोघं... पाच. त्यानं एक बोट दाखवलं. बायको गेल्यापासून तो एकटाच आहे. मेथी संपली, सुमन आत पाणी प्यायला गेली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल.

महिना होत आला. इथली पोरं भेटायला येतात, म्हणतात, "काका, काकू फार गोड होत्या यार." गोड कसली, फटकळ होती. पण तिच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चौथी शिकलेला माणूस आहे मी, जमेल तसं सांगतो.

पासष्टच्या लढाईत ती नऊ वर्षांची होती. वडील रेल्वेत फिटर, बदली सरहद्दीकडच्या एका वस्तीत. क्वार्टर्सची एकच गल्ली, समोर खंदक खणलेले. भोंगा वाजला की दिवे बंद, सगळे खंदकात. विमानं गेली की मुकादम गल्लीतून ओरडत जायचा, "किती?" आणि घराघरानं आपला आकडा सांगायचा. एका तिन्हीसांजेला बॉम्ब गल्लीतच पडला. टोकाच्या घरातून आकडाच आला नाही. ते कुटुंब संपलं होतं. लोक तिकडं धावायला लागले. सुमनची आई धुळीत खोकत सवयीनं म्हणाली, "पाच." मुकादम पुढं गेला. सुमननं अंधारात डोकी चाचपली. आई, बाबा, ताई, आपण... धाकटा भाऊ दिनू नाही. ती खंदकाबाहेर येऊन बोंबलली, "चार! आई चुकतेय, आम्ही चारच आहोत!"

शेजारचं घर पडलं होतं, पण ती माणसं गावाला गेलेली, दाराला कुलूप, म्हणून तिथं कुणी बघितलंच नव्हतं. त्यांच्या ओट्याखाली मांजर व्यायली होती, दिनू तिथंच असणार हे सुमनला ठाऊक. माणसांनी हातांनी विटा उपसल्या. पाय मोडला, पोरगा जगला. पुढं कितीतरी दिवस ती गल्ली उरलेल्या दोन चुलींवर जेवली, आणि वाढायच्या आधी ही पोरगी सगळ्यांना मोजायची. दिनू आज नागपुरात नातवंडांत आहे. लंगडतो. परवा फोनवर पोरासारखा रडला.

लग्नानंतर मीही मोजला गेलो. वरातीत, जत्रेत, एसटीतून उतरताना. "आम्ही काय मेंढरं आहोत?" मी चिडायचो. ती म्हणायची, "मेंढरू हरवलं तर धनगर शोधायला तरी जातो. माणूस असेलच, असं सगळे धरून चालतात."

इथं महिन्यातून एकदा भर दुपारी वादळाचा भोंगा टेस्ट करतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली. चपला घालून रस्त्यावर गेली आणि मराठीत ओरडली, "किती?" मला लाज वाटली. बॉब घाबरून बाहेर आला. नातीनं त्याला इंग्लिशमध्ये सगळी गोष्ट सांगितली. तो हसला नाही. टोपी काढली, एक बोट वर केलं आणि म्हणाला, "जस्ट मी." सुमननं त्याला हातानं खुणावलं, चल, जेवायला चल. भाषा कुठं लागते? तेव्हापासून सकाळी दिसली की तो तिला विचारायचाच.

ती गेली त्या दिवशी बॉब दुपारी मुलीकडे गेला तो रात्री उशिरा परतला, त्याला कुणी कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं, म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो. दुसरी खुर्ची तशीच होती, खाली मेथीच्या काड्या. बॉब रिकामा डबा न्यायला बाहेर आला. मला बघून ओरडला, "हाऊ मेनी?"

माझा पंजा वर गेला. पाच.

मग सासूबाई आठवल्या, धुळीत खोकणाऱ्या. मी अंगठा आत दुमडला.