विमानाच्या नाकावरचं शीत

न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीशाळेत मी नवा शिक्षक होतो. पोषण आहाराच्या वहीत ‘खिचडी चाखली. चव चांगली’ असं लिहून मी साडेदहालाच सही ठोकत असे. खिचडी शिजायची बाराला. स्वयंपाकीण पारूमामींनी मला आठवड्यातच पकडलं.

“गुर्जी, आजून तांदूळ निवडला न्हाई, आन् तुमाला चव कळली व्हय?”

मामी पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचा सगळ्यांना एकच हुकूम असायचा, “आधी चाखावं, मंग वाढावं.” मी मान डोलवायचो आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला सही करायचो.

नोकरीत कायम व्हायचं होतं, त्यामुळे केंद्रप्रमुखांचा शेरा चांगला हवा होता. मी कागदी विमानांचा पाठ बसवला. चार-चार पोरांचे गट केले आणि प्रत्येक पोराला एकेक बल दिलं: उचल, रेटा, वजन, हवेचा अडथळा. फळ्यावरचे बाण इतके सुबक आले की मीच दोनदा मागे सरून बघितले. विमान मात्र एकदाही उडवून बघितलं नाही.

पाठ बघायला आलेले केंद्रप्रमुखसाहेब मागच्या बाकावर बसले आणि पोरांची भांडणं सुरू झाली. फेकायला मिळतं म्हणून सगळ्यांना रेटाच व्हायचं होतं. वजन वैष्णवीच्या गळ्यात पडलं, ती रडकुंडीला आली. विमानं नाक वर करून माझ्याच पायाशी आपटू लागली. साहेब वहीत काहीतरी लिहू लागले.

मामी दारात उभ्या होत्या. “ह्ये चाखलं न्हवतं वाटतं, गुर्जी!”

साहेबसुद्धा हसले. मामींनी पातेल्यातली चार शीतं आणून वैष्णवीच्या हातावर ठेवली. “नाकाड लई वर हाय त्याचं. तू वजन ना? मंग लाव हितं. तुझ्याबिगर ह्ये कुटं जातंय?”

मग रेटा झालेला गण्या वैष्णवीच्या ‘फेक’ची वाट बघत थांबला. ती एकेक शीत वाढवत गेली. चौथ्या खेपेला विमान साहेबांच्या डोक्यावरून थेट खिडकीबाहेर गेलं. ‘उत्तम नियोजन’ हा शेरा मी मामींचं नाव न घेता एकट्यानं घेतला. त्याची आजही लाज वाटते.

यंदा मामी मुलाकडे दौंडला कायमच्या निघाल्या. शेवटच्या दिवशी त्या पदरानं सारखे डोळे पुसत होत्या, खिचडी चाखायची त्यांच्याकडूनच राहिली. मी चाखली. मीठ दोनदा पडलं होतं. वैष्णवीनं तीच खिचडी आणखी एक डाव मागून घेतली.

मामींनी विचारलं, “चाखली का, गुर्जी?”

“चाखली,” म्हणालो आणि वहीत लिहिलं, ‘चव चांगली.’