वडील सरकारी वकील होते

जपानमध्ये त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन मुलगी बसायची. ट्रान्सजेंडर होती, जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली, कॉलेजपासून बाई म्हणून जगणारी. पीएच.डी.नंतरचं पोस्टडॉक संपवून तिला आपल्या गावच्या विद्यापीठात शिकवायला जायचं होतं. तिथून बोलावणंही आलं होतं.

तेवढ्यात तिकडच्या केंद्र सरकारने शाळा-कॉलेजांतल्या ट्रान्सजेंडर लोकांना संरक्षण देणारा नियम लागू केला आणि तिच्या राज्याने त्याविरुद्ध कोर्ट गाठलं. आणखीही राज्यं गेली होती. पण तिच्या राज्याच्या वकिलांमध्ये खुद्द तिचे वडील होते. हे तिने मला कँटीनमध्ये उदोन नूडल्स खाता खाता सांगितलं आणि बाऊल तसाच ठेवून उठून गेली.

पानं पिवळी पडायच्या सुमारास वडील तिला भेटायला आले. तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून स्टेशनवरून मीच आणलं. उंच, किंचित वाकलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. लेकीसाठी मक्याचं पीठ घेऊन आले होते. इथे तसं मिळत नाही म्हणे. जेवायला दोघं माझ्याकडेच होते. वरणभात मन लावून जेवले. मग तिनेच विषय काढला.

"बाबा, त्या दाव्यावर तुमची सही आहे?"

"आहे. पण भांडण तुझ्याशी नाही. केंद्राने राज्याच्या कारभारात किती ढवळाढवळ करावी, एवढाच प्रश्न आहे."

"मला तिथे नोकरी करायचीय. माझ्यासाठी एवढाच नाही."

"मी सोडली, तर केस दुसरा कोणी चालवेल."

"मग दुसऱ्याला चालवू द्या." तिचा आवाज चढला नव्हता.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी उगीच पाणी आणायला उठले. पोटच्या पोरीसमोर कायद्याची भाषा बोलायची, केवढी ही शिक्षा, असं मनात आलं. मग वाटलं, ती ऐकणाऱ्या पोरीला जास्त.

परत गेल्यावर त्यांनी ती केस सोडली. नोकरी नाही सोडली. केस दुसऱ्याने चालवली आणि त्यांच्या राज्यापुरती त्या नियमाला स्थगिती मिळाली. तिने विद्यापीठाला नकार कळवला, इथलं कंत्राट वाढवून घेतलं.

"राग येतो त्यांचा?" मी एकदा विचारलं.

"येतो ना," ती म्हणाली. "पण केस सोडल्यावर ऑफिसात त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आईने सांगितलं."