मानेचा फोटो आणि सासूबाईंचा कायदा

ये गं, अशी जवळ सरक. आणि खांद्यात फोन दाबून मान वाकडी करून बोलणं आधी बंद कर. मानेची किंमत मला विचार.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळीआधी माळा झाडताना मी स्टुलावरून पडले. उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, कात्री धरवेना. मी घरी शिवणकाम करायची. पनवेलात आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचे दिवाळीचे ब्लाउज माझ्याकडे अडकलेले, त्यामुळे त्यांना माझ्या मानेची फारच काळजी! "मान राहू दे, बाह्या तरी लावून दे," म्हणाली एक. डॉक्टर म्हणाले, वरचा मणका सरकला असेल तर मुंबईला ऑपरेशन, आणि हाताचं काही सांगता येत नाही. माझी पाचावर धारण बसली.

एक्स-रेवाला एसटी स्टँडजवळ, दुसऱ्या मजल्यावर. मोडकी माणसं जिने चढवून आणखी मोडायची असावीत. सोबत नवरा आणि सासूबाई.

"मंगळसूत्र काढा," एक्स-रेवाला म्हणाला.

"आमच्यात सवाष्णीचा गळा मोकळा ठेवत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांत काय होतं ते मला विचार."

सासरे चहा पिता पिता गेले होते. एक्स-रेवाला प्लेट आणायला आत गेला. तेवढ्यात सासूबाईंनी माझं मंगळसूत्र डोक्यावरून काढून माझ्याच अंबाड्यात खोचलं, वर पदर ओढला. "गळ्यात नाही, अंगावर आहे. झालं?"

मग आत सुरू झालं. "आ करा. हनुवटी वर. आणखी मोठा आ. हलू नका." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोंड इतकं उघडायची परवानगी मला पहिल्यांदाच मिळाली.

थोड्या वेळाने तो ओली फिल्म निथळत बाहेर आला. "ताई, मणक्याचं देव जाणे, पण त्यावर दोन वाट्या आल्यात. अस्सल दिसतात." डॉक्टरांना हव्या त्याच हाडावर बसल्या होत्या मेल्या!

नवऱ्याने इतक्या वेळात पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. "आई, हिचा हात गेला तर वाट्या काय चाटायच्या?"

सासूबाईंनी मग अंबाड्यातलं मंगळसूत्र काढून सरळ लेकाच्या गळ्यात घातलं. "तुझ्यासाठीच आहे ना? सांभाळ तूच. आणि ती आत आहे तोवर काढलंस तर याद राख."

झालं! शर्टाचं वरचं बटण लावायची केवढी घाई ह्यांना. शेजारी पाय मोडलेले एक गृहस्थ बसले होते, ते हात वर करून म्हणाले, "अखंड सौभाग्यवती भव."

आत तोच आ पुन्हा एकदा, मग मला बाजूने उभं करून दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या दिल्या. "खांदे खाली सोडा, नाहीतर मानेचं खालचं हाड झाकलं जातं." म्हटलं, बाबा, बाजाराच्या पिशव्या वाहून ते केव्हाच सुटलेत.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. मणके सगळे ओळीत होते, नुसती शीर दुखावली होती. "हात येईल," म्हणाले. सासूबाई तिथेच माझी बोटं एकेक करून चोळायला लागल्या. श्रेय अर्थात मंगळसूत्राला, माझ्या गळ्यात नसलं तरी!

हात आला, आणि अजून चालतो, जरा सावकाश इतकंच. परवाच मशीनला तेल घातलंय. आता तू उठशील नि पळशील, पण लवकर ये पुन्हा, ब्लाउजचं कापड घेऊन. मापं काही फोनवर घेता येत नाहीत मला.