चिंतामणी रंगाचा मॉनिटर

जेवणाच्या टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींवर आईचा तोच फोटो, पण एकावर साडी निळी, दुसऱ्यावर हिरवट.

फोटोंवर काम करायला घरीच कॉम्प्युटर जुळवायचा, हे खूळ माझंच. प्रोसेसर आणला तर तो मदरबोर्डवर बसेना. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब निघालं. लग्न जुळवणं परवडलं, तिथे निदान कुणीतरी नमतं घेतं! शेवटी दुकानदारानेच वैतागून हे दोन मॉनिटर पाठवले. बघा आणि एक ठेवा, म्हणाला.

"साडी चिंतामणी रंगाची आहे, तो रंग नीट कुठल्यात दिसेल?" मी फोनवर विचारलं.

"चिंतामणी? थेऊरचा का?" तो म्हणाला. "सर, दोन्हीत सगळे रंग येतात."

सगळे येतात, हवा तो तेवढा येत नाही. साडी तर केव्हाच बोहारणीकडे गेली. चिडून मी आईलाच हाक मारली.

तिने एक डोळा झाकला, मग दुसरा.

"या डोळ्याने बघितलं की हा बरोबर वाटतो," ती म्हणाली, "आणि त्या डोळ्याने तो."

मोतीबिंदूचं ऑपरेशन तिच्या एकाच डोळ्याचं झालंय.

"दुसऱ्याचं होऊ दे, मग नक्की सांगते. तोवर दोन्ही ठेव."

ती साडी पहिल्यांदा नेसून आरशात बघितलं, तेव्हाचे तिचे डोळे मला हवेत. ते कुठल्याच दुकानात सुटे मिळत नाहीत.