येऊन गेलेल्या कळा

मी गुरांचा डॉक्टर. वेल्हे तालुक्यात नोकरीची बरीच वर्षं काढली. त्यातली एक सकाळ मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक धनगरवाडा आहे. तिथल्या मावशींची गाभण म्हैस बघायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "काल कळा आल्या व्हत्या डाक्टर. आज एकदम गपगार. आत कायतरी वळलंय बगा."

मला खाली बैठकीला पोचायचं होतं. मी हात घालून तपासलंही नाही. "दिवस भरले नाहीत अजून," असं म्हणून एक इंजेक्शन टोचलं आणि उतरलो. दुसऱ्या दिवशी म्हैस गेली, पोटातल्या रेडकासकट. त्यांना दिलेल्या मृत्यूच्या दाखल्याच्या कागदावर मी लिहिलं, 'मालकाने उशिरा कळवले.'

गर्भाशयाला पीळ पडला की कळा येऊन थांबतात, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. तेच उत्तर एक बाई माझ्यासमोर उभी राहून देत होती, आणि मला ते उत्तर वाटलंच नाही.

यंदा त्याच घरून पुन्हा फोन आला. चढ संपवून पोचलो तर मावशी गोठ्याच्या दारात.

"आज बी मिटिंग हाय का?"

जमलेली माणसं हसली. मी म्हणालो, "नाही. आधी तुम्ही सांगा, मग मी हात लावतो."

त्यांनी सगळं सांगितलं. म्हैस परवा उतारावर घसरली. काल कळा आल्या, सांजच्याला थांबल्या. तेव्हापासून मागचा पाय पोटाला मारते. मागच्यासारखंच आत वळलंय, असंही म्हणाल्या. मी हात घातला. आतल्या घड्या उजवीकडे वळत गेल्या होत्या, पिळलेल्या टॉवेलासारख्या.

म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पाय बांधले. गोठ्याचं दार काढून तिच्या पोटावर ठेवलं, त्यावर एक गडी उभा केला आणि पिळाच्याच बाजूला, उजवीकडे लोळवली; दाराखाली गर्भाशय जागी राहतं आणि अंग फिरून पीळ सुटतो. हात घातला. पीळ तसाच. दुसऱ्यांदाही तसाच. ही पण जाणार, असं मनात आलं.

"दार वर सरकतंय," मावशी म्हणाल्या. "खाली घ्या, रेडकू तिथं हाय. आन बिगीनं वळवा, अशी चोळत बसू नका."

पूर्वी मी म्हणालो असतो, मावशी, बाजूला व्हा. या वेळी दार खाली घेतलं.

तिसऱ्यांदा लोळवली आणि घळकन पाणी आलं. हात सरळ आत गेला. बोटांना दोन खूर लागले, त्यातला एक हलला! आम्ही चौघांनी ओढलं. रेडकू गवतावर पडलं, शिंकलं, आणि सगळा वाडा ओरडला. मी सगळ्यांत मोठ्याने.

हात धुताना मावशींना म्हणालो, "तेव्हा तुम्ही उशिरा कळवलं, असं मी कागदावर लिहिलं होतं. खोटं होतं ते."

"ठावं हाय. सुनंनं वाचून दावलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले व्हते की. तुमी कुठं ऐकत व्हता?" मग रेडकाचं तोंड पुसत म्हणाल्या, "दोन दिसांनी खरवस न्यायला या."

खाली उतरून त्या दिवसाची नोंद केली. रोगाच्या रकान्यात लिहिलं: 'गर्भाशयाचा पीळ. मालकिणीने ओळखला, मी सोडवला.' आणि खाली ठसठशीत सही केली.