बिरजाबाईची बिनशब्दांची चाल

शेवंताचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या घरी ओट्याशी उभी राहून दोडके चिरत होते. "मावशी, बाई गेली," एवढंच ती म्हणाली. शेवंता म्हणजे बिरजाबाई मडावीची सून. आणि बिरजाबाई माझी मैत्रीण, वयानं माझ्यापेक्षा चांगली मोठी. अड्याळहून आत, तळ्याच्या पाळीखाली आमचं गाव आहे. तिथं मी नवरी होऊन आले त्या पहिल्याच भाताच्या रोवणीत गुडघाभर चिखलात रुतून बसले होते. सासरची माणसं शेताच्या धुऱ्यावर उभी राहून हसत होती आणि हिनं मला दंडाला धरून उपसून काढलं. तेव्हापासूनची ओळख. तरी खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. आता हिच्यासाठी पाटा कोण म्हणणार?

पाटा म्हणजे गोंडीत गाणं. आमच्या गावाच्या कडेला गोंडांचा टोला, म्हणजे वस्ती आहे, तिथं माणूस गेलं की माती, म्हणजे मयत, उचलण्याआधी बाया अंगणात बसून त्याला एक पाटा ऐकवतात. गेलेल्याला वाट सांगायची असते. उंबऱ्यातून कुणीकडे वळायचं, कोणत्या झाडाला हात लावायचा, नाला कुठं ओलांडायचा, आणि पलीकडे आपली जुनी माणसं कुठं बसलेली सापडतील, हा सगळा तपशील मला फार पुढं कळला... वाट सांगितली नाही तर माणूस दारातच घुटमळत राहतं, असं ते मानतात. आणि या पाट्याला एक कडक पाळणूक होती. घरात कुणी गेलेलं नसताना तो म्हणायचा नाही. भरल्या घरात म्हटला तर मरणाला आवतण दिल्यासारखं. पूर्वी टोल्यावर सगळ्याच बाया गोंडी बोलत, मातीला बसता बसता आपोआप शिकत. मग गोंडी घराबाहेर पडायला लाजू लागली, पोरं शाळेतून मराठी घेऊन आली, आणि पाटा येणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. त्या प्रत्येकीला वाट सांगितली बिरजाबाईनं. शेवटी ती एकटी उरली, आणि एकटी म्हणताना गेलेल्याच्या कानाशी इतकं हळू म्हणायची की अंगणात ना चाल कळे ना शब्द. "सगळ्याइले पोचवून आली मी," ती म्हणायची, "मले पोचवाले कोण हाय वो?" आणि हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

कारण बाकी सगळं तिनं सैल हातानं देऊन टाकलं होतं. लग्नातले नाच, होळीचे नाच, ढोलाच्या कोणत्या ठेक्यावर कोणता पाय उचलायचा, कोणत्या झाडाची साल कशाला लागते... जो विचारेल त्याला. टोल्यावरच्या पोरींना ती अंगणात नाचवायची तेव्हा कमरेवर हात ठेवून ओरडायची, "पाय हाय का मुसळ हाय?" तालुक्याच्या कार्यक्रमात त्याच पोरी नाचल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही पहिल्या रांगेत बसून तोंडावर पदर धरून सगळ्यांच्या चुका मोजत होती. पण पाट्याचं नाव काढलं की गप्प. एकदा मी माझ्या मुलाचा मोबाईल घेऊनच गेले. म्हटलं, "हे बघ, इथं बोट लावलं की झालं. तू म्हण, ते यात राहीन." तिनं मोबाईल हातात घेतला, उलटापालटा केला आणि मला परत दिला.

"मेल्याबिगर मराचा पाटा कायले म्हणू वो? तुह्या मोबाईलले मराचं हाय का?"

"अवो, तू गेल्यावर संपन ना ते सगळं!"

"संपते का नाही पाहू," ती म्हणाली आणि मला चहाला बसवलं. मी चहा न पिता उठून आले. माझा स्वभाव असाच, नाकावर राग. पण पंधरा दिवसांनी रोवणी लागली आणि बिरजाबाईशिवाय रोवणी म्हणजे मिठाशिवाय वरण, त्यामुळे मीच पुन्हा तिच्या दारात गेले. तिनं काही झालंच नाही अशा थाटात विचारलं, "आली का? चाल."

रोवणीत बाया रांगेनं वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत मागे सरकतात आणि कुणीतरी गाणं धरतं. आमच्याकडे ते धरायचा मान बिरजाबाईचा. आधी ती नेहमीची गाणी म्हणायची, दिराच्या, नणंदेच्या खोड्या काढणारी. त्या वर्षापासून मात्र तिनं एक नवीनच चाल धरली. शब्द नाहीत, नुसतं अंऽऽ आणि हूंऽऽ. संथ, लांब, मधेच एका जागी उतरणारी आणि तिथंच थोडी थांबणारी. पहिल्या दिवशी आम्ही कंटाळलो. मी तर तिला छेडलंच, "काय वो बिरजाबाई, दात गेले तशे शब्दबी गेले का?"

ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "शब्द घरी ठिवले."

भाताच्या सगळ्या बांधीत हशा पिकला. पण चाल मोठी गोड होती आणि हाताला बरोबर बसत होती, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत ती आम्हा सगळ्यांच्या तोंडात बसली. कुणबी, गोंड, ढिवर, त्या रांगेत असेल तिच्या. पुढं दरवर्षी तीच. चुकलं की बिरजाबाई थांबायची, पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावायची. रोवणीच्या गाण्यात एवढी शिस्त कशाला, असं आम्ही कुजबुजायचो.

आणि घरी तिचं वेगळंच सुरू असायचं. संध्याकाळी मोहफुलं निवडताना किंवा तांदळातले खडे काढताना ती शेवंताला आणि नात पायलला समोर बसवून गोंडीत एक वाट सांगायची. मला गोंडी तोडकीमोडकी कळते, तेवढ्यावरून समजायचं की कुठलं तरी झाड आहे, नाला आहे, कुणी माणसं बसली आहेत. पायल अड्याळच्या कापडाच्या दुकानात कामाला जाते, जिभेला धार असलेली पोरगी. ती वैतागून म्हणायची, "आजी, तुह्या माहेरची वाट आता डांबरी झाली. मी गाडीवर नेऊन सोडतो ना तुले." बिरजाबाई तिला काहीही बोलू द्यायची, पण वाट गोंडीतच परत म्हणायला लावायची. एक शब्द मागेपुढे झाला की सुपातला हात थांबायचा. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला माहेर दिसायला लागतं, तसं हिचं झालंय. कीव यायची.

शेवटची भेट उन्हाळ्यातली, तोवर मी भंडाऱ्याला राहायला गेले होते. ती खाटेवर होती, अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मात्र तसेच खट्याळ. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अचानक म्हणाली, "सुमन, रोवणीची चाल धर बरं." मी म्हटलं, "आता? उन्हाळ्यात?" ती म्हणाली, "धर ना वो." मी माझ्या फाटक्या आवाजात अंऽऽ हूंऽऽ केलं. ती डोळे मिटून ऐकत होती. एका जागी मी घाई केली तेव्हा तिनं खाटेच्या कडेवर बोट आपटलं, मी थांबले, मग पुढं गेले. पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, "झालं. आता जमते." मी घरी येताना बसमध्ये रडले, पण काय जमते ते काही विचारलं नाही.

फोन आला त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. टोल्यावरच्या बाया, रोवणीतल्या आमच्या बाया, बाहेरगावचे पाहुणे. बिरजाबाईला अंगणात आणून ठेवलं होतं. तिच्या माहेरकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाटा कोण म्हणन?" बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. ज्या बाईनं सगळ्या टोल्याला पोचवलं, तिला तसंच मुक्यानं न्यायचं...

शेवंता सासूच्या पायाशी बसून रडत होती. रडता रडता तिच्या तोंडून चाल निघाली. तीच, रोवणीची. मुद्दाम नाही, सासूची आठवण म्हणजे तिला ती चाल, एवढंच. माझ्याही तोंडून निघाली. मग मागून एकीच्या, दुसरीच्या. चाल त्या उतरणाऱ्या जागी आली, थांबली, आणि तेवढ्यात पायल दचकून म्हणाली, "आई... आजीची वाट बसते यात." आणि तिनं ती वाट त्या चालीवर म्हणायला सुरुवात केली. उंबरा, झाड, नाला. एकही शब्द अडला नाही. जिथं आम्हाला वर्षानुवर्षं थांबायला लावलं होतं, तिथं नाला येत होता. त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "हाच," तो म्हणाला. "म्हणा पोरीहो, पुढं म्हणा." शेवंतानं शब्द उचलले, आम्ही चाल धरून राहिलो, आणि बिरजाबाईला तिची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली गेली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मातीला बसून इतकं हलकं वाटणं बरं दिसत नाही, पण वाटलं खरं. मी रडत होते आणि हसूही येत होतं.

पाळणूक तिनं एकदाही मोडली नव्हती. नुसती चाल म्हणजे पाटा नव्हे आणि नुसते शब्द म्हणजेही नव्हेत. तांदूळ डब्यात होते, पाणी मडक्यात होतं, चूल पेटायची तेवढी तिनं वाट पाहिली. शेवंताला मी नंतर विचारलं, तुला ठाऊक होतं का? ती म्हणाली, "नाही वो मावशी. मले वाटे, सासू हाय, घोकून घ्याची सवय असन." ठाऊक असतं तर त्या दोघी भीतीनं शिकल्याच नसत्या, हेही म्हातारीला ठाऊक असणार.

परवा रोवणीला गावी गेले होते. गुडघे आता ऐकत नाहीत, तरी थोडा वेळ रांगेत वाकले. बिरजाबाईच्या जागी शेवंता होती. तिनं अंऽऽ करून चाल धरली, बाकीच्यांनी उचलली. माझ्या शेजारी गावात नुकतीच आलेली एक सून होती, तळपायाला चिखल टोचत असल्यासारखी अवघडून उभी. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "मावशी, या गाण्याले शब्द नाहीत का?"

मी शेवंताकडे पाहिलं. तिनं पऱ्ह्यांची पुढची पेंडी सोडली आणि मान वर न करताच म्हणाली,

"हायेत ना. घरी ठिवले."